उभं न राहणारं पिल्लू

अंड्यातून नुकतंच बाहेर आलेलं कोंबडीचं पिल्लू पहिल्यांदा पाहणाऱ्याला ते जगेल असं वाटतच नाही. अंग ओलं, पिसं चिकटलेली, मान टाकलेली, पाय कुठल्या कुठे फाकलेले. उठायला जातं आणि तोंडावर आपटतं. पुन्हा उठतं आणि मागच्या मागे कलंडतं. घरातलं कोणीतरी लगेच म्हणतं, "ह्याचे पाय गेले."

बहुतेक वेळा पाय गेलेले नसतात. कवचाला बाहेरून पहिला तडा दिसल्यापासून पिल्लू मोकळं होईपर्यंत साधारण १२ ते २४ तास लागतात आणि तेवढा वेळ ते जवळपास सतत धडपडत असतं. बाहेर पडल्यावर ते दमलेलं असतं. अंग सुकून पिसं फुलायला काही तास लागतात, आणि पायांत जोर यायलाही. पहिला अर्धा दिवस पाय लटपटले तर काळजी करू नये. भूक-तहानेचाही प्रश्न नसतो, कारण उरलेला बलक पिल्लानं बाहेर पडण्याआधीच नाळेच्या जागेतून पोटात ओढून घेतलेला असतो. त्या शिदोरीवर ते निदान दोन दिवस तग धरतं. हॅचरीतून निघालेली एका दिवसाची पिल्लं खोक्यात बसून दुसऱ्या जिल्ह्यात सुखरूप पोहोचतात ती याच बळावर. म्हणून पहिल्या काही तासांत पिल्लाला उचलून उभं करणं, पाय ओढून पाहणं, घाईनं पट्टी बांधणं या सगळ्यात अपायच जास्त आहे. त्याला उबेत पडून राहू द्यावं.

ही सबुरी एका दिवसापुरतीच. दुसऱ्या दिवशी बाकीची पिल्लं तुरुतुरु धावू लागली आणि एखादं मात्र दोन्ही पाय दोन बाजूंना पसरून पोटावर सपाट पडून राहिलं, पंखांनी वल्हवत पुढे सरकू लागलं, तर मग वेळ दवडता येत नाही. पिल्लाची हाडं या वयात बरीचशी कूर्चेची, मऊ असतात आणि रोज वाढत असतात. आज हातानं सरळ होणारा पाय आठवड्याभरानं तसाच वाकडा घट्ट होऊन बसतो.

कोंबडीच्या पिल्लाचं सगळं आयुष्यच पायांवर उभं असतं. चिमणीचं किंवा कबुतराचं पिल्लू उघडंवाघडं, डोळे मिटलेलं जन्माला येतं आणि आईबाप चोचीत घास भरवतात. कोंबडी पिल्लांना भरवत नाही. ती दाणा दाखवते, पायांनी माती उकरते, विशिष्ट आवाज काढून बोलावते. पिल्लानं चालत जाऊन दाणा टिपायचा असतो. रानात तर जमिनीवरचं घरटं एक-दोन दिवसांत सोडून आईमागे चालणं हाच जगण्याचा मार्ग. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा. पण आपल्या सह्याद्रीत आरवणाऱ्या राखी रानकोंबड्याचाही तिच्यात थोडा वाटा आहे आणि तो नेमका पायांत दिसतो. पाळीव कोंबड्यांच्या पिवळ्या कातडीचं जनुक राखी रानकोंबड्याकडून आलेलं आहे, असं स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटानं २००८ मध्ये दाखवून दिलं. पिल्लाची पिवळी नडगी हातात घेतली, की सह्याद्रीतल्या या नातेवाइकाची खूण हातात येते.

पाय बिघडण्याची सुरुवात अनेकदा अंड्यातच झालेली असते.

अंड्यातला गर्भ निपचित पडलेला नसतो. व्हिक्टर हॅम्बर्गर या शास्त्रज्ञानं कोंबडीच्या अंड्याला खिडकी पाडून केलेल्या निरीक्षणांत साडेतीन दिवसांच्या गर्भाची हालचाल टिपली होती. पुढे पाय फुटतात, तेही हलू लागतात. ही हालचाल कशासाठी असते, याचं उत्तर १९६२ मध्ये डॅनियल ड्रॅकमन आणि आल्फ्रेड कूलोम्ब्र यांच्या प्रयोगातून मिळालं. त्यांनी अंड्यातल्या गर्भाला क्युरारे हे स्नायू लुळे पाडणारं औषध एक-दोन दिवस दिलं. एवढ्याशा काळात हालचाल थांबली आणि त्या पिल्लांचे सांधे आखडले, पावलं आत वळली. सांध्याला आकार येतो तो हलण्यामुळे. माणसांत जन्मतः वाकडी पावलं कशी येतात, हे समजून घ्यायलाही या प्रयोगानं मदत केली.

शेवटच्या तीन दिवसांत पिल्लू डोकं उजव्या पंखाखाली घेऊन, पाय पोटाशी दुमडून बसतं. आधी आतला पापुद्रा टोचून अंड्याच्या जाड टोकाकडच्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तिथे पहिला श्वास घेतं आणि मग कवचाला भोक पाडतं. त्यानंतर ते आतल्या आत थोडं थोडं वळत कवच गोलाकार कापत जातं. हे वळणं आणि टोपण ढकलणं पायांच्या रेट्यानं होतं. पायांचा जन्मातला पहिला मोठा व्यायाम तोच. दया येऊन माणूस कवच सोलून पिल्लू बाहेर काढतो तेव्हा हा व्यायाम बुडतो आणि बलक आत गेलेला नसेल किंवा पापुद्र्यातल्या रक्तवाहिन्या अजून जिवंत असतील, तर पिल्लू रक्तस्रावानं दगावतं. अडकलेल्या प्रत्येक पिल्लाला हात लावूच नये असं नाही. पण कित्येक तास काहीच प्रगती नसेल आणि पापुद्रा वाळून चामड्यासारखा झाला असेल, तेव्हाच तो हलक्या हातानं ओला करावा, त्याआधी नाही.

उबवणीचं तापमान इथे फार मोठी गोष्ट ठरवतं. पंखा असलेल्या उबवणी यंत्रात ते ३७.५ अंश सेल्सियसच्या आसपास लागतं. आर्द्रता पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के आणि शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्क्यांपर्यंत. अलीकडे महाराष्ट्रात गावोगावी थर्माकोलच्या पेटीत बल्ब आणि छोटा पंखा लावून अंडी उबवली जातात. कल्पना उत्तम आहे आणि अनेकांना त्यातून चांगली पिल्लं मिळतात. अडचण येते ती वीज गेली की. पेटी आधी थंड होते आणि वीज आल्यावर हलक्या प्रतीचा थर्मोस्टॅट ती गरजेपेक्षा जास्त तापवतो. शेवटच्या आठवड्यात गर्भ स्वतःच उष्णता तयार करत असतो, तेव्हा अर्ध्या-एक अंशाची वाढही त्याला जड जाते. अशा घाण्यात अशक्त, पाय फाकलेली, बोटं वळलेली पिल्लं जास्त निघतात. अंडी दिवसातून अनेकदा न फिरवणं हेही एक कारण. अंडं एकाच कुशीवर राहिलं तर गर्भ पापुद्र्याला चिकटतो आणि मग शेवटी योग्य स्थितीत येऊ शकत नाही.

आता बाहेरची गोष्ट, म्हणजे जमिनीची. पाय फाकण्याचं सगळ्यात साधं आणि सगळ्यात सहज टाळता येणारं कारण म्हणजे गुळगुळीत पृष्ठभाग. खुडूक कोंबडी रवणीला बसवताना टोपलीत पेंढा किंवा भुसा घालतात. त्यात पिल्लाची नखं अडकतात, पायाला आधार मिळतो. प्लॅस्टिकचा ट्रे, पुठ्ठ्याच्या खोक्याचा तुळतुळीत तळ, फरशी, वर्तमानपत्र यांवर तसं होत नाही. पिल्लू उठतं, पाय बाहेर घसरतात, पुन्हा उठतं, पुन्हा घसरतात. मांडी आतल्या बाजूला ओढून धरणारे स्नायू अजून कोवळे असतात, ते ताणले जातात आणि पाय फाकलेलेच राहतात.

वर्तमानपत्राबद्दल थोडं स्पष्ट बोलायला हवं, कारण कोंबडीपालनाच्या शेडमध्ये ते सर्रास वापरलं जातं. पिल्लं आली की तुसाच्या गादीवर कागद पसरायचा, त्यावर भरडलेला मका टाकायचा आणि भांड्यात गूळपाणी ठेवायचं ही रीत रुजलेली आहे. पिल्लांनी तूस खाऊ नये हा हेतू योग्यच. पण कागद सरळ एकेरी अंथरला आणि दोन-तीन दिवस तसाच ओला होऊ दिला, तर तो पिल्लांच्या पायांचा शत्रू होतो. त्यापेक्षा नालीदार पुठ्ठ्याचा खडबडीत थर, जुना टॉवेल किंवा धुतलेलं बारदान कितीतरी चांगलं. मात्र सुटे धागे कापून टाकायला हवेत. धागा नडगीभोवती गुंडाळला गेला, तर पिल्लू ओढत राहतं आणि पावलाचं रक्त तुटतं.

फाकलेल्या पायांवरचा उपाय इतका साधा आहे, की पहिल्यांदा ऐकणाऱ्याचा विश्वास बसत नाही. दोन्ही पाय योग्य अंतरावर एकत्र बांधायचे. स्वतःलाच चिकटणारी मऊ पट्टी प्राण्यांच्या औषधांच्या दुकानात मिळते. ती नसेल तर जखमेवर लावायची साधी बँड-एडही चालते. तिची गादी दोन पायांच्या मध्ये येते आणि चिकट टोकं एकेका नडगीभोवती वळसा घेतात. पट्टी अर्धा ते एक सेंटिमीटर रुंद कापावी आणि घोट्याच्या खाली, नडगीवर बांधावी. कोंबडीच्या पायात मागे वाकणारा जो सांधा दिसतो त्याला आपण गुडघा समजतो, पण तो तिचा घोटा आहे. खरा गुडघा वर, पिसांत लपलेला असतो. दोन पायांतलं अंतर निरोगी पिल्लू उभं असताना असतं तितकंच, साधारण दोन ते अडीच सेंटिमीटर ठेवावं. फार जवळ बांधले तर पिल्लू तोल जाऊन पडतं, फार लांब बांधले तर बांधूनही उपयोग नाही.

हे काम दोघांनी करावं. एकानं पिल्लू उबदार कपड्यात धरायचं, छाती न दाबता. पक्ष्याला माणसासारखं श्वासपटल नसतं. बरगड्या आणि छातीचं हाड हलूनच त्याचा श्वास चालतो, त्यामुळे घट्ट मूठ आवळली तर ते गुदमरतं. दुसऱ्यानं पट्टी बांधायची. रबरबँड आणि दोरा कधीही वापरू नये. दोन्ही कातडीत रुततात.

बांधल्यानंतरचे पहिले तास पाहणाऱ्याला अवघड वाटतात. पिल्लू उडी मारायला जातं, पडतं, चिडून ओरडतं. त्याला खडबडीत कापडावर ठेवावं आणि दिवसातून चार-पाच वेळा पोटाखाली बोट धरून काही क्षण उभं करावं, म्हणजे पावलं जमिनीला टेकतात आणि वजन कसं पेलायचं हे त्याला उमगतं. दाणा-पाणी अगदी चोचीजवळ हवं. चोच पाण्यात एकदा बुडवून दाखवली की पिल्लू पिऊ लागतं. भांडं उथळ घ्यावं आणि त्यात स्वच्छ गोटे टाकावेत. पाय बांधलेलं पिल्लू एक सेंटिमीटर पाण्यातही तोंडावर पडून बुडू शकतं. ऊब पहिल्या आठवड्यात ३५ अंशांच्या आसपास लागते, पुढे दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी कमी करत न्यायची. खोक्याचा एक कोपरा मात्र थंड ठेवावा. धडं पिल्लू तापलं की स्वतःहून दूर सरकतं. लंगड्या पिल्लाला ते जमत नाही, म्हणून त्याला बल्बच्या थेट खाली ठेवू नये.

पट्टी रोज सोडून पाहायची. बोटं सुजली आहेत का, थंड पडली आहेत का, रंग जांभळट झाला आहे का, कातडी सोलली आहे का? पिल्लू इतक्या वेगानं वाढतं, की काल सैल असलेली पट्टी आज आवळते. चिकट भाग निघत नसेल तर ओढू नये. थोडं खोबरेल तेल चोळून दोन मिनिटं थांबलं, की तो सुटतो. पहिल्या-दुसऱ्या दिवशी उपचार सुरू झाला, तर बरीच पिल्लं तीन ते पाच दिवसांत पट्टीशिवाय उभी राहतात. आठवडा उलटल्यावर सुरू केलेल्या उपचाराला तसं यश येत नाही. पट्टी काढल्यावर पाय थोडे फाकताना दिसले, तर आणखी एक-दोन दिवस बांधावी.

वळलेल्या बोटांची गोष्ट वेगळी आहे. पाय सरळ, ताकद चांगली, पण बोटं मुठीसारखी आत वळलेली. पिल्लू बोटांच्या कडेवर चालतं. असं पिल्लू एक-दोन दिवसांचं असेल, तर त्याला बूट करून देता येतो. पातळ पुठ्ठ्याचा पावलापेक्षा थोडा मोठा तुकडा घ्यायचा, तीन बोटं पुढे आणि एक मागे अशी नीट पसरायची आणि वरून कागदी चिकटपट्टी लावायची. एक-दोन दिवसांत बोटं सरळ राहू लागतात. बूट ओला झाला की बदलावा.

हीच बोटं जन्मतः सरळ असून दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात वळू लागली, पिल्लू घोट्यांवर बसून सरकू लागलं आणि खायला मात्र उत्सुक असलं, तर पुठ्ठ्याचा बूट कामाचा नाही. तिथे दुखणं मज्जातंतूचं आहे. आहारात रायबोफ्लेविन, म्हणजे जीवनसत्त्व ब-२, कमी पडलं की पायाकडे जाणारा मोठा मज्जातंतू सुजतो आणि बोटं आखडतात. वेळेत ओळखलं तर पाण्यातून जीवनसत्त्वाचं औषध आणि आहारात उकडलेल्या अंड्याचा बलक, यीस्ट असे पदार्थ देऊन पिल्लू काही दिवसांत सुधारतं. फार दिवस गेले तर मज्जातंतूची हानी कायमची होते. आणि पिल्लं जन्मतःच अशी निघत असतील, तर पाहायला हवं ते आईच्या आहाराकडे. अंड्यात उतरतं ते कोंबडीनं खाल्लेलंच.

तिसरा आजार सगळ्यात वाईट. घोट्याच्या मागच्या खाचेतून पोटरीचा जाड स्नायूबंध खाली पावलाकडे जातो. ही खाच उथळ राहिली किंवा हाड वाकडं वाढलं, तर रहाटाच्या चाकावरून दोर उतरावा तसा तो बंध बाजूला उतरतो. घोटा सुजतो, मागून चपटा दिसतो आणि पावलाचा भाग बाहेरच्या बाजूला वळतो. पिल्लाला वेदना होतात आणि ते ओरडतं. उपाय म्हणून पाय हळूच मागे ताणून, बोटानं बंध खाचेत परत सरकवतात. कधी हलकीशी 'टक' जाणवते. पण तो पुन्हा उतरण्याची शक्यता मोठी असते. हे काम घरी शिकण्याचं नाही. एखाद्या जाणत्या पशुवैद्यकानं पहिल्याच दिवशी केलं, तर थोडी आशा असते.

या आजारामागचं मोठं कारण १९३६ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात विल्गस, नॉरिस आणि ह्यूझर यांनी शोधलं. ते कारण म्हणजे मँगनीजची कमतरता. हा धातू आहारात अगदी अल्प लागतो, किलोभर खाद्यात साधारण ६० मिलिग्रॅम. पण तो नसेल तर हाडांची कूर्चा नीट बनत नाही. विशेष म्हणजे त्याआधीच, १९३१ च्या सुमारास, आहारात तांदळाचा कोंडा मिसळला की हे पाय बिघडत नाहीत, असं काही संशोधकांच्या लक्षात आलं होतं. का, ते त्यांना माहीत नव्हतं. मँगनीज कोंड्यात होतं.

कोंडा आणि कोंबडीचे पाय यांचं नातं त्याहून जुनं आहे आणि त्यानं वैद्यकशास्त्राची दिशा बदलली. १८८९ मध्ये डच अमलाखालच्या जावा बेटावर, बटाव्हियात, ख्रिस्तियान आइकमन नावाचा डॉक्टर बेरीबेरी या रोगाचा जंतू शोधत होता. त्याच्या प्रयोगशाळेतल्या कोंबड्या अचानक अडखळू लागल्या, मग घोट्यांवर बसू लागल्या, मग आडव्या पडू लागल्या. जंतू टोचलेल्या आणि न टोचलेल्या, दोन्ही. काही महिन्यांनी त्या आपोआप बऱ्या झाल्या. चौकशीत कळलं, की कोंबड्यांची देखभाल करणारा माणूस लष्करी रुग्णालयाच्या मुदपाकखान्यातून उरलेला पांढरा भात आणत होता. नव्या आचाऱ्यानं लष्कराचा भात बिनलष्करी कोंबड्यांना द्यायला नकार दिला, तेव्हा त्यांना साधा, कोंड्यासकटचा तांदूळ मिळू लागला आणि त्या उभ्या राहिल्या. आइकमनला वाटलं, पांढऱ्या भातात काहीतरी विष आहे आणि कोंडा त्यावर उतारा. भातात विष नसून कोंड्यातलं काहीतरी गरजेचं द्रव्य कमी पडतं आहे, हे त्याच्या जागी आलेल्या गेरिट ग्रेन्सनं १९०१ मध्ये सांगितलं. ते द्रव्य म्हणजे थायमिन, जीवनसत्त्व ब-१. आइकमनला १९२९ चं नोबेल पारितोषिक मिळालं, ते या लंगड्या कोंबड्यांमुळे.

कोकणात आणि मावळात कोंबड्यांना कणी घालण्याची जुनी पद्धत आहे. मोकळ्या फिरणाऱ्या कोंबडीचं त्यानं काही बिघडत नाही. ती उकिरडा उकरते, किडे, वाळवी, हिरवा पाला खाते, आणि कणीत नसलेलं सगळं तिथून मिळवते. तीच कोंबडी जाळीच्या खुराड्यात कोंडली आणि नुसती पॉलिश केलेल्या तांदळाची कणी घातली, तर तिच्या अंड्यांत आणि पुढे पिल्लांत ही द्रव्यं कमी पडतात. पिल्लांना खोक्यात ठेवून फक्त कणीवर वाढवणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यायला हवं. पिल्लांसाठी तयार मिळणारं स्टार्टर खाद्य या बाबतीत चांगलं असतं. पण अंडी देणाऱ्या कोंबडीचं खाद्य पिल्लांना घालू नये. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्क्यांपर्यंत असतं. पिल्लाला एक टक्क्याच्या आसपास पुरतं. जादा कॅल्शियम मूत्रपिंडांना त्रास देतं आणि मँगनीज शोषलं जाण्यात अडथळा आणतं. म्हणजे हाडं मजबूत व्हावीत म्हणून चुना-शिंपल्याची पूड घालायला जावं, तर पाय आणखी बिघडतात.

पायांच्या काही तक्रारी पिल्लाच्या नसतात, रोगाच्या असतात, आणि त्या पट्टीनं बऱ्या होत नाहीत. एक ते तीन आठवड्यांच्या पिल्लांत लंगडण्यासोबत डोकं-मान थरथरत असेल, तर तो विषाणूजन्य मेंदूदाह असू शकतो. तरण्या कोंबड्यांत एक पाय पुढे आणि एक मागे ताणून पडून राहणं हे मरेक्स रोगाचं जुनं, ओळखीचं लक्षण. हंगेरीच्या योझेफ मारेक या पशुवैद्यकानं १९०७ मध्ये चार कोंबड्यांत हा लकवा पहिल्यांदा नोंदवला. या रोगाचा विषाणू नागीण विषाणूंच्या कुळातला आहे. त्याची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी हॅचरीत देतात. घरी उबवलेल्या पिल्लांना ती बहुधा मिळालेली नसते. मानमोडी या रोगातही लकवा दिसतो, पण त्याबरोबर हिरवट हगवण, धाप आणि मान पिरगळणं असतं. एका पिल्लाचे पाय बिघडले तर कारण उबवणीत किंवा फरशीत शोधावं. एकाच वेळी अनेकांचे बिघडले, तर तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जावं.

ब्रॉयलरच्या पायांचं दुखणं आणखी वेगळं. चाळीस ग्रॅमचं पिल्लू सहा आठवड्यांच्या आत दोन किलोंच्या वर जातं आणि पायांची हाडं त्या वजनामागे पडतात. ब्रिटनमध्ये ५१,००० कोंबड्यांची चाल तपासून २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सरासरी ४० दिवसांच्या वयाला २७.६ टक्के कोंबड्या नीट चालत नव्हत्या आणि ३.३ टक्के जवळजवळ चालूच शकत नव्हत्या. रोज पुरेसे तास अंधार देणं आणि दाटी कमी करणं यानं फरक पडतो, असंही त्यात दिसलं. हा प्रश्न एखाद्या पिल्लाच्या शुश्रूषेचा नाही, माणसानं निवडलेल्या वाढीच्या वेगाचा आहे. आणि तो उघडपणे मांडला जायला हवा.

गावरान पिल्लाकडे परत येऊ. पाय बांधलेलं पिल्लू कोंबडीखाली ठेवावं की वेगळं? दिवसा वेगळं ठेवणं बरं. कोंबडी पिल्लं घेऊन फिरायला निघते तेव्हा लंगडं मागे राहतं. घार, कावळा, मांजर कोणीही ते उचलतं. इतर पिल्लंही पांढऱ्या किंवा रंगीत पट्टीवर चोची मारतात. पण अगदी एकटं ठेवू नये. एकटं पिल्लू सतत चीं-चीं करतं, खात नाही. एक शांत, त्याच्याच वयाचं पिल्लू सोबतीला द्यावं. शक्य असेल तर रात्री अंधार पडल्यावर दोघांना आईच्या पंखाखाली सारावं आणि ती टोचत नाही ना हे पाहावं. फार दिवस माणसांत वाढलेलं पिल्लू नंतर आई स्वीकारत नाही, म्हणून हा धागा तुटू न देणं पुढच्या दृष्टीनं महत्त्वाचं असतं.

घरातली मुलं या सगळ्यात मनापासून गुंततात आणि गुंतू द्यावं. त्यांना एवढंच सांगावं, की पिल्लू गालाला लावायचं नाही, त्याचा मुका घ्यायचा नाही आणि हाताळून झालं की साबणानं हात धुवायचे. धडधाकट दिसणाऱ्या पिल्लाच्या विष्ठेतही साल्मोनेला हा जंतू असू शकतो आणि पाच वर्षांखालच्या मुलांना त्याचा त्रास जास्त होतो.

सगळी पिल्लं वाचत नाहीत. दोन्ही घोट्यांचे बंध उतरलेले, खाणं सोडलेलं, पोटाची नाळ ओली आणि दुर्गंधी येणारी असं पिल्लू असेल, तर त्याला दिवसेंदिवस पट्ट्या बांधून ठेवणं हे आपल्या समाधानासाठी असतं, त्याच्यासाठी नाही. अशा वेळी पशुवैद्यकाकडून वेदनारहित मरण देणं हीसुद्धा शुश्रूषाच आहे, हे मान्य करायला मन तयार होत नाही. पण पिल्लू खात असेल, पित असेल, डोळे उघडे ठेवून आवाजाकडे मान वळवत असेल, तर चार-पाच दिवस त्याला जरूर द्यावेत.

बऱ्या झालेल्या पिल्लाच्या पायात रंगीत कडं घालून ठेवलं, तर पुढे त्याची ओळख राहते. एका घाण्यात असं एखादं पिल्लू निघालं, तर तो योगायोग असू शकतो. त्याच कोंबडा-कोंबडीच्या जोडीतून पुन्हा पुन्हा निघू लागली, तर ती जोडी अंड्यांसाठी ठेवावी, पिल्लांसाठी नाही. दोष कधी रक्तातूनही येतो, विशेषतः एकाच घरातल्या कोंबड्यांत पिढ्यान्‌पिढ्या आपापसात पैदास झालेली असेल तर. त्यासाठी प्रत्येक अंड्यावर शिसपेन्सिलीनं कोंबडीची खूण आणि उबवणीला ठेवल्याची तारीख लिहावी, यंत्राचं तापमान सकाळ-संध्याकाळ वहीत टिपावं आणि वीज किती वेळ गेली तेही नोंदवावं. पुढच्या घाण्यात पाय फाकलेली पिल्लं निघाली, तर ती वही घेऊनच पशुवैद्यकाकडे जावं.